मार्टमध्ये रॅकवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे चालतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की धुळ्याच्या एका मोठ्या मार्टमध्ये शेंगदाणा तेलाच्या पाच लिटरच्या कॅनखाली ८९९ ची पट्टी होती, बिलात ९३५ लागले, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली की एमआरपी १०५० आहे, त्यापेक्षा कमीच लावलंय ना, मग काय प्रॉब्लेम. वरून पिशवीचे पैसे लावले आणि बिलावर "माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं.

तर आधी सरळ सांगतो, ते ३६ रुपये तुमचे आहेत आणि ते मागायला अजिबात लाजू नका.

मी जळगावला अशाच एका मोठ्या दुकानात फ्लोअरवर बरीच वर्षं काम केलंय, आता चोपड्याला घरचं किराणा दुकान बघतो, म्हणून दोन्ही बाजू माहिती आहेत. हे होतं कसं ते ऐका. भाव बदलतो हेड ऑफिसमधून, तो कॉम्प्युटरमध्ये आपोआप येतो आणि सकाळी दुकान उघडलं की बारकोड स्कॅन केल्याबरोबर नवीन भाव लागतो. पण रॅकवरची पट्टी काही आपोआप बदलत नाही, ती प्रिंट काढून पोरांनी हातानं एकेक बदलायची असते, आणि शनिवार-रविवार किंवा आखाजी-दिवाळीच्या आधीची गर्दी असली की तीच पोरं माल भरण्यात नाहीतर बिलिंगवर अडकलेली असतात, मग जुनी पट्टी दोन-दोन दिवस तशीच राहते. ऑफर संपते, पण ऑफरचा बोर्ड लटकत राहतो. बहुतेक वेळा कोणी मुद्दाम करत नाही हे मी बघितलंय, पण मुद्दाम नाही म्हणून गिऱ्हाइकानं का भरायचं? पट्टी दुकानानं लावलीय, जबाबदारी दुकानाचीच.

आणि कायदाही तेच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रार कशाची करता येते ते दिलंय, त्यात पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर, हे तर आहेच, पण दुकानदारानं स्वतः लावलेल्या भावपत्रकापेक्षा जास्त घेतले तर, हे सुद्धा वेगळं लिहिलंय. म्हणजे "एमआरपीपेक्षा कमी आहे ना" हे उत्तरच नाही. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, सगळे टॅक्स धरून, त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही. त्याच्या खाली दुकानानं काय भाव ठेवायचा तो ठेवावा, धुळ्याला वेगळा आणि नाशिकला वेगळा ठेवला तरी चालतं, पण जो लिहिला तो घ्यायचा.

फक्त भांडायच्या आधी पट्टी नीट वाचा हे माझं कळकळीचं सांगणं आहे. पट्टीवर मोठ्या अक्षरात फक्त भाव असतो, पण वरती बारीक अक्षरात मालाचं नाव, वजन आणि एक कोड नंबर असतो. लोक काय करतात, कॅन उचलतात, पुढे जाऊन मन बदलतं, मग दुसऱ्याच रॅकवर ठेवून देतात, आणि मागून येणारा तिथली पट्टी बघून घेतो. सोयाबीन तेलाची पट्टी आणि शेंगदाण्याचा कॅन असं किती वेळा झालेलं आहे. नाव आणि वजन जुळलं की मोबाईलमध्ये पट्टी आणि माल एकत्र दिसेल असा फोटो काढा, बिलिंगवाल्या पोरीशी वाद घालू नका (तिच्या हातात भाव बदलायचे अधिकारच नसतात, तिला उगाच रडवू नका), सरळ कस्टमर सर्व्हिसच्या टेबलावर जा, मॅनेजरला बोलवा. माणूस पाठवून ते पट्टी तपासतात आणि बहुतेक ठिकाणी फरक लगेच देतात, कारण फोटो असला की त्यांनाही बोलायला जागा नसते.

आता तेलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो जी पट्टीपेक्षा जास्त महाग पडते. ठरावीक वजनातच पॅक करायचा जुना नियम आता उठलाय, त्यामुळे कंपन्या तेलाची पिशवी कमी मापाची काढतात आणि दिसायला ती लिटरच्या पिशवीसारखीच दिसते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवर ८०० किंवा ८५० ग्रॅम लिहिलं असेल तर ते लिटर नाही, सरळ आहे. म्हणून पाकिटावर एमआरपीजवळ "युनिट सेल प्राइस" म्हणून एका ग्रॅमचा, मिलीचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो तो बघायचा. तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाच्या भावावरून नाही, तरी दोन ब्रँड समोरासमोर धरून बघायला उपयोगी पडतो. आमच्याकडे यावल-रावेरकडून लोक महिन्याचा किराणा भरायला जळगावच्या मोठ्या मार्टला जातात, गाडीभाडं धरून स्वस्त पडतंय का हे खरंच बघायचं असेल तर "एमआरपीवर ४० टक्के सूट" हा बोर्ड सोडून द्या, तुमच्या गल्लीतला दुकानदार तीच वस्तू कितीला देतो त्याच्याशी लावून बघा. डाळी-तांदूळ, साबण-पावडरचे मोठे पॅक तिथं बऱ्याचदा खरंच स्वस्त असतात, मी दुकानदार असून सांगतोय, ते मार्टवाले एकदम मोठा माल उचलतात, काही जण सप्लायरला पैसे लवकर देऊन त्याबदल्यात भाव कमी करून घेतात. पण मसाले, बिस्किटं, छोटे पॅक यात फरक फार नसतो.

पिशवीचं म्हणाल तर आपल्या राज्यात २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून कापडी-कागदी पिशवी विकायची पद्धत जास्त वाढली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये बिग बाजारच्या प्रकरणात सांगितलंय की पिशवीला पैसे लागतील हे आधी, आत शिरतानाच ठळक सांगायला हवं, बिलिंगच्या वेळी अचानक लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याआधी २०१९ ला चंदीगडमध्ये बाटाला ३ रुपयांच्या कागदी पिशवीपायी ग्राहकाला ३००० रुपये भरपाई आणि १००० खर्चाचे द्यायला लागले होते. तुमच्याकडे दारात बोर्ड होता का ते बघा, बोर्ड असेल तर मुद्दा थोडा कमजोर होतो.

"माल परत घेतला जाणार नाही" याला घाबरू नका. तुम्हाला रंग आवडला नाही, साइज चुकली, तर तिथं दुकानाची पॉलिसी चालते, बदलून देतील किंवा क्रेडिट नोट देतील, नाही दिलं तरी फार करता येत नाही. पण माल खराब निघाला तर गोष्ट वेगळी. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिलीच नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेच कायद्यानं अनुचित ठरवलंय. आणि हो, बिल करताना मोबाईल नंबर द्यायलाच पाहिजे असं नाही, ग्राहक विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सक्ती करू नका म्हणून सांगितलंय. नाही द्यायचा तर नाही म्हणा, बिल निघतं.

मॅनेजरनं ऐकलंच नाही तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि मोठ्या कंपन्या इथूनच बऱ्याचदा हलतात. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरलं तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात द्या, त्यांचा निरीक्षक येऊन तपासतो. आणि त्याच्याही पुढे जायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं ५ लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे नंदुरबारच्या माणसानं सुरतला किंवा पुण्याला खरेदी केली तरी त्याला नंदुरबारला अर्ज देता येतो. यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि ते थर्मल पेपरचं बिल आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत राहिलं की कोरं होऊन जातं, म्हणून बिलाचाही फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, पट्टीच्या फोटोसोबत.