नुसत्या पिंगवर विसंबू नकोस
नेट चालू आहे का हे तपासणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिताना तू पिंगने, म्हणजे दुसऱ्या संगणकाला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघून, सुरुवात केलीस, ठीक आहे. पण बऱ्याच ठिकाणी फायरवॉल (नेटवर्कची सुरक्षा-चाळणी) पिंगच अडवते. नेट व्यवस्थित चालू असतं आणि तुझी स्क्रिप्ट 'बंद' सांगून मोकळी होते. उलटा घोळ जास्त वाईट. सार्वजनिक वायफायवर लॉगिनचं पान २०० कोड (सर्व्हरचा 'ठीक आहे' असा संकेत) घेऊन येतं आणि स्क्रिप्टला वाटतं, सगळं आलबेल! म्हणून कर्लने (वेबपत्ता उघडून उत्तर आणणारी कमांड) असा पत्ता माग, जिथून रिकामं उत्तर आणि २०४ ('मजकूर नाही') कोडच यायला हवा. गूगलचा 'जनरेट_२०४' त्यासाठीच आहे. दुसरं काहीही आलं तर नेट नाही असं धर. ५ सेकंदांची मर्यादा नक्की घाल, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच लटकते. एकदा फसलं तर लगेच बोंब नको, पुन्हा तपास. आणि ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर पिंगला उत्तर देतोय पण साइटचं नाव सापडत नाही, तर आधी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) बघ.