पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे चित्र घेताना आधी हरीण पाहावे

पेनसिल्व्हेनियातील नव्या घराच्या दिवाणखान्यात लावण्यासाठी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे फ्रेम केलेले चित्र हवे आहे. सही आणि क्रमांक असलेली मर्यादित आवृत्ती घ्यावी की साधी छापील प्रत पुरेल, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की सही आणि क्रमांक नंतर पाहावेत. चित्रातले हरीण खरे आहे की नाही, हे आधी पाहावे.

माझ्या साडूंकडे असेच एक महागडे चित्र आहे. चहूकडे बर्फ, मध्यभागी भरघोस शिंगांचा नर, शेजारी मादी आणि तिच्या पायांशी पांढऱ्या ठिपक्यांचे पाडस. गणपतीच्या जेवणाला सगळे जमलेले असताना मी म्हटले की हे दृश्य पेनसिल्व्हेनियात दिसणे शक्य नाही. त्यावर ते म्हणाले, "ताडोबात नर, मादी आणि पिल्लू एकत्रच दिसतात, आणि चित्रकाराला तेवढे स्वातंत्र्य असतेच." ताडोबात दिसते ते चितळ. त्याचे ठिपके जन्मभर राहतात, आणि शिंगे असलेले नर वर्षभर कळपात आढळतात. आपल्याकडून आलेल्या माणसाची नजर त्या दृश्याला सरावलेली असते, म्हणून हे चित्र त्याला खटकत नाही.

इथल्या हरणाचे वेळापत्रक वेगळे आहे. पाडसे बहुतेक मे-जूनमध्ये जन्मतात आणि तीन-चार महिन्यांत, हिवाळी केस येताना, त्यांचे ठिपके जातात. उन्हाळ्यात नराची शिंगे मखमली त्वचेखाली वाढत असतात. सप्टेंबरमध्ये तो ती झुडपांवर घासतो, तेव्हा त्या त्वचेच्या रक्ताळलेल्या चिंध्या शिंगांवरून लोंबताना दिसतात. नोव्हेंबरमध्ये माजाचा काळ येतो आणि हिवाळ्यात शिंगे गळून पडतात. पिल्लांच्या संगोपनात नराचा काहीच वाटा नसतो. उन्हाळ्यातला तांबूस रंग हिवाळ्यात करडा होतो, त्यामुळे बर्फातले तांबूस हरीणही संशयास्पदच समजावे. शिंगेही नीट पाहावीत: एक मुख्य दांडा पुढे वळतो आणि त्यावरून टोके सरळ वर उगवतात. दांडा दुभंगून त्याच्या फांद्याही पुन्हा दुभंगत असतील, तर ते अमेरिकेच्या पश्चिमेकडचे म्यूल डिअर नावाचे वेगळे हरीण होय.

चित्रकाराचे स्वातंत्र्य मला मान्य आहे, पण ते प्रकाशात, मांडणीत आणि रंगलेपनात घ्यावे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीमुळे पेनसिल्व्हेनियात ही हरणे इतकी कमी झाली होती की १९०६ पासून बाहेरून आणून सोडावी लागली. इतक्या कष्टाने परतलेल्या प्राण्याचे चित्र लावायचे, तर त्याचे ऋतुमान तरी चुकू नये.

आता आपला मूळ प्रश्न. क्रमांकामुळे छपाईचा दर्जा वाढत नाही; किती प्रती काढल्या, एवढेच त्यावरून कळते. भिंगातून पाहिल्यावर रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची नेहमीची छपाई आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी चित्रकार ऑड्युबॉन यांच्या चतुष्पाद प्राण्यांच्या मालिकेतील जुनी शिळाछापे (दगडावरून छापलेली चित्रे) फिलाडेल्फियाच्या जे. टी. बोवेन यांच्याकडे छापून हाताने रंगवलेली होती, तेव्हा ऑड्युबॉन यांचे जुने शिळाछाप म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतीत अशी जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल समजावी. साधी प्रत घेऊन उरलेले पैसे आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि अतिनील किरण अडवणारी काच यांवर खर्च करणे मला योग्य वाटते. काच कागदाला टेकता कामा नये, आणि चित्रावर थेट ऊन येता कामा नये.

एक खुलासा राहिला. उशिरा जन्मलेल्या पाडसाचे ठिपके शरदातही टिकू शकतात, आणि दक्षिण फ्लॉरिडात माजाचा काळ उन्हाळ्यातच सुरू होत असल्याने तिथल्या चित्राला हे वेळापत्रक लागू नाही. म्हणून विक्रेत्याला विचारावे, की हे चित्र कुठले आणि कोणत्या महिन्यातले आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे.