टेनिसमधे पाचशेच्या आसपास रँकिंग असलेल्या एकीला

अगं, मेसेज वाचला तुझा. अजून किती वर्षं असंच चालणार असं विचारलंयस, ते मला काय, कोणालाच सांगता येणार नाही, पण तू सोबत जे कॅलेंडर पाठवलंस त्याबद्दल मात्र मला बोलायचंय. खरं सांगू का, तुझ्या सेकंड सर्व्हपेक्षा मला त्या कॅलेंडरचीच काळजी वाटते.

सलग डब्ल्यू१५, म्हणजे सगळ्यात खालच्या लेव्हलच्या स्पर्धा, खेळतेयस तू. एक संपली की दुसरी, मधे श्वास नाही. अख्ख्या स्पर्धेची प्राइझ मनी १५,००० डॉलर, त्यात सिंगल्स पण आली आणि डबल्स पण, म्हणजे जिंकलीस तरी हातात दोनेक हजार आणि पहिल्या राउंडला हरलीस तर दीडशेच्या घरात, त्यातून टॅक्स कापणार, मग हॉटेल, स्ट्रिंगिंग, पुढचं तिकीट, म्हणजे ट्रॉफी घेऊनसुद्धा आठवडा जेमतेम सुटतो. आणि रँकिंगचे पॉइंट किती? विजेतीला १५. डब्ल्यू३५ जिंकणारीला ३५, डब्ल्यू५० ला ५०, नावातच आकडा आहे ना. शिवाय ५२ आठवड्यांनी ते पॉइंट गळतात, म्हणजे आज कमावलेले १५ पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत कमवावे लागणार, नाहीतर रँकिंग खाली.

आता दुसरी बाजू बघ. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीला, १२८ मुली असतात आणि कट, म्हणजे एंट्री मिळालेल्या शेवटच्या मुलीचं रँकिंग, साधारण सव्वादोनशे ते अडीचशेच्या मधे कुठेतरी लागतो. २०२४ च्या यूएस ओपनला क्वालिफाइंगच्या पहिल्याच राउंडला हरणारीला २५,००० डॉलर होते. हरणारीला! तिकडे आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) २०१३ च्या आकड्यांवर हिशोब काढला होता, त्यात कोचचा खर्च न धरता बायकांचा जमाखर्च जुळत होता २५३ व्या नंबरला. आकडे जुने आहेत, पण रेघ अजून तिथेच कुठेतरी आहे असं मला वाटतं. म्हणून मी टॉप १०० वगैरे म्हणतच नाही, तू २४० कडे बघ, कारण धंदा म्हणून हे तिथून सुरू होतं, त्याच्या आधी सगळं घरच्यांच्या किंवा स्पॉन्सरच्या जिवावर.

आणि तिकडे जायचं तर डब्ल्यू३५ आणि डब्ल्यू५० मधे हरायची तयारी ठेव. क्वालिफाइंग खेळावं लागेल, पहिल्या दिवशी मागच्या कोर्टवर, ना लाइन अंपायर ना बॉल किड्स, ३०-४० ला जाळीत अडकलेला बॉल तूच आणायला जाणार आणि येताना दम खाणार. खेळ. तिथे दोन मॅच हरून जे शिकशील ते डब्ल्यू१५ ची फायनल जिंकून शिकणार नाहीस. एकाच भागात, एकाच सरफेसवर तीन आठवडे घे, मग घरी येऊन नीट ट्रेनिंग, आणि एंट्री टाकताना अ‍ॅक्सेप्टन्स लिस्ट (कोणाला एंट्री मिळाली त्याची यादी) रोज बघ, ऑल्टरनेट म्हणून, कोणी माघार घेतली तरच आत या आशेवर, नुसतं जाऊन बसणं महागात पडतं.

डबल्स सोडू नकोस. सिंगल्स हरलीस तरी आठवडा वाया जात नाही, रिटर्न सुधारतो, आणि रूम शेअर करायला कोणीतरी मिळतं हेही काही कमी नाही. जर्मनी, फ्रान्स, इटलीतल्या क्लब लीगची पण चौकशी कर, तिथे मॅचचे पैसे ठरलेले असतात, पॉइंट नाही मिळत पण त्यातून पुढची तिकिटं निघतात. अशा मॅचेसना कमी लेखणाऱ्या मुली बऱ्याचदा बँक बॅलन्स वडिलांना विचारतात.

लोक तुला एमा रादुकानूचं उदाहरण सांगतील, २०२१, दीडशेवा नंबर, क्वालिफाइंगमधून यूएस ओपन, एकही सेट न गमावता. नाहीतर लोइस ब्वासाँ, २०२५ ला ३६१ वरून फ्रेंच ओपनची सेमीफायनल आणि रँकिंग थेट ६५. ऐकायला भारी आहे, पण ब्वासाँला तिच्या घरच्या स्लॅमचं वाइल्ड कार्ड (रँकिंग न बघता आयोजकांनी दिलेली थेट एंट्री) होतं, ते सगळ्यांच्या नशिबात नसतं, त्यामुळे त्यावर प्लॅन करायचा नाही. (गुडघ्याच्या मोठ्या इंजरीतून उठून आली होती ती, तो भाग मात्र कोणी सांगत नाही.)

फोनचं पण बोलते. हरलीस की दहा मिनिटांत इनबॉक्समधे घाण येते, त्यातले बरेच तुझ्यावर पैसे लावून बुडालेले असतात. डब्ल्यूटीए (बायकांची प्रोफेशनल टूर चालवणारी संघटना) आणि आयटीएफच्याच रिपोर्टनुसार २०२४ मधे ४५८ खेळाडूंना मिळून ८,००० च्या आसपास असे मेसेज गेले, आणि त्यातले ४० टक्के बेटिंगवाल्यांचे. मॅचनंतर निदान जेवण होईपर्यंत फोन बॅगेत ठेव. आणि कधी कोणी गोड बोलत "मॅच तूच जिंक गं, फक्त दुसरा सेट सोड" असं म्हणालं तर त्याच दिवशी आयटीआयएला (टेनिसमधल्या फिक्सिंगवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला) कळवायचं, विचार करत बसायचं नाही. नाही म्हणून गप्प बसलीस तरी न कळवणं हाच गुन्हा धरतात. सप्लिमेंट्सचं पण तसंच, डब्यात भेसळ निघाली तरी उत्तर तुलाच द्यावं लागतं, त्यामुळे रूममेटच्या डब्यातली पावडर नको.

पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर नव्याने करून पाठव, प्रत्येक आठवड्यासमोर गेल्या वर्षीचा कट आणि अंदाजे खर्च लिहून. डब्ल्यू१५ त्यात एखादीच दिसली पाहिजे. आणि डबल्सची पार्टनर ठरली का तेही कळव.