जुन्या ट्रकच्या इंजिनात कुठलं ऑइल टाकावं?
भाऊ, गाडी चार-पाच लाख किलोमीटर चालली म्हणून लगेच २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाकायची घाई करू नकोस, आधी मॅन्युअल बघ, बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनला त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० च सांगितलेलं असतं आणि इंजिन ऑइल पीत नसेल, गरम झाल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) ऑइल प्रेशर नीट दाखवत असेल तर तेच चालू ठेव. जाड ऑइल थंडीत सकाळी स्टार्ट करताना वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि खरी झीज तेव्हाच होते. डब्यावर एपीआय (ऑइलच्या दर्जाची खूण) सीके-४ किंवा सीआय-४ बघ. एफए-४ मात्र अजिबात घेऊ नकोस, ते पातळ ऑइल नव्या इंजिनांसाठी बनवलंय.

ऑइल बदलण्याआधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढून नीट बघ. डिझेलमध्ये ऑइल काळं पडतंच, त्याला घाबरू नकोस, पण दुधाळ दिसलं तर बहुधा कूलंट आत येतंय, आणि लेव्हल वाढलीय नि डिझेलचा वास येतोय तर इंजेक्टर किंवा पंपाकडून डिझेल गळतंय, तिथे कितीही भारी ऑइल टाकलंस तरी बेअरिंग जाणारच, आधी ते काम करून घे. निळा धूर सतत येत असेल तर बहुधा रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथे २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ऑइलने थोडे दिवस निभावतं एवढंच.

हाय मायलेजवाल्या (खूप चाललेल्या गाड्यांसाठीच्या) ऑइलमधलं सील कंडिशनर, म्हणजे रबरी सील मऊ ठेवणारं रसायन, बारीक पाझर कमी करतं, फाटलेलं सील जोडत नाही. आणि फिल्टर दरवेळी बदल रे, तिथे पैसे वाचवू नकोस.