‘इंड्रिडासन’ यांची कादंबरी की आर्नाल्दुर यांची?

प्रश्न असा आहे: एका मराठी परीक्षणात ‘इंड्रिडासन यांची रहस्यकथा’ असा उल्लेख वाचला. आइसलँडच्या लेखकांचा उल्लेख आडनावाने करायचा की नावाने? आणि ही नावं देवनागरीत कशी लिहायची?

उल्लेख नावानेच करावा, कारण आपण ज्याला आडनाव समजतो ते बहुतेक वेळा आडनाव नसतंच. आर्नाल्दुर इंद्रिदासॉन (परीक्षणातले ‘इंड्रिडासन’ ते हेच) म्हणजे ‘इंद्रिदीचा मुलगा आर्नाल्दुर’. त्यांचे वडील इंद्रिदी हेही नावाजलेले कादंबरीकार होते, पण ते स्वतः इंद्रिदासॉन नव्हते. ते थोर्स्तेइन्सॉन होते, थोर्स्तेइनचे चिरंजीव. त्यामुळे ‘इंद्रिदासॉन घराणं’ असं लिहिलं तर खुद्द वडीलच त्यातून बाहेर पडतात. भावाबहिणींतही एकाच्या नावापुढे ‘सॉन’ (मुलगा) आणि दुसरीच्या ‘दोह्तिर’ (मुलगी) येतं, आणि लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांतला ‘अमुक बिन तमुक’ आठवा. ‘बिन’नंतरचं नाव वडिलांचं, त्याला कोणी आडनाव म्हणत नाही.

नुसतं नाव घेतलं तर एकेरी वाटेल, ही शंका मराठीत उरत नाही. ‘आर्नाल्दुर यांनी’ म्हटलं की झालं. आइसलँडमध्ये तर पंतप्रधानही पहिल्या नावानेच ओळखले जातात. रहस्यकथाकार राग्नार योनासॉन यांच्यासोबत 2022 साली कादंबरी लिहिणाऱ्या तेव्हाच्या पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोह्तिर तिथे सगळ्यांसाठी ‘कात्रीन’च.

पंचाईत होते ती एकाच नावाचे दोन लेखक असले की. ओयदुर आवा ओलाफ्सदोह्तिर (2018 चा नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार यांचा) आणि ओयदुर योन्सदोह्तिर या दोघी कादंबरीकार. पहिलीला ‘ओयदुर आवा’ म्हणावं, दुसरीचं पूर्ण नाव द्यावं. योन काल्मान स्तेफाउन्सॉन यांच्याबाबतही नुसतं ‘योन’ पुरत नाही, कारण योन तिथे गल्लोगल्ली सापडतील; ‘योन काल्मान’ हीच रूढ रीत.

परिचय लिहिताना खरी चूक होते ती वडिलांचं नाव काढताना. ‘सॉन’ किंवा ‘दोह्तिर’ खोडलं की वडिलांचं नाव हाती येतं, असं नाही. हाती येतं ते त्याचं षष्ठीचं रूप. ‘ओलाफ्स’ हे ‘ओलाफुर’चं षष्ठीरूप, म्हणून वडील ओलाफुर. ‘मग्ना’ आणि ‘हेल्गा’ वरून मग्नी आणि हेल्गी (आंद्री स्नाइर मग्नासॉन, हाल्ग्रीमुर हेल्गासॉन). म्हणजे शेवटी ‘आ’ दिसला तर मूळ नाव बहुधा ईकारान्त. इर्सा सिगुर्दार्दोह्तिर यांचे वडील सिगुर्दुर. पण त्याच सिगुर्दुरपासून ‘सिगुर्द्सॉन’ही होतं, कारण या नावाची दोन षष्ठीरूपं चालतात. आणि ‘ऊ’ आला तर आईचं नाव आहे का ते पाहावं: गुद्रून एवा मिनेर्वुदोह्तिर ही कादंबरीकार मिनेर्वाची मुलगी, म्हणजे इथे आईचं नाव लावलंय. इंग्रजी लिपीतल्या ‘स्तेफाउन्सॉन’मध्ये दोन एस का, याचंही उत्तर हेच: एक षष्ठीचा, एक ‘सॉन’चा.

जाता जाता: ‘दोह्तिर’ आणि आपली ‘दुहिता’, ‘सॉन’ आणि संस्कृत ‘सूनु’ ही एकाच मूळ भाषाकुळातली भावंडं आहेत. मात्र म्हणून नावाचं भाषांतर करून ‘सिगुर्दुरदुहिता’ लिहू नये.

आता लेखन. मराठीत घोळ होतो तो नाव इंग्रजीतून उचलल्यामुळे. आइसलँडिकमध्ये डीसारखं दिसणारं, पण वर आडवी रेघ मारलेलं एक अक्षर आहे. इंग्रजी छपाईत त्याचा साधा डी होतो आणि आपण ‘ड’ लिहितो. प्रत्यक्षात तो इंग्रजी ‘दिस’, ‘दॅट’मधला उच्चार, म्हणून ‘द’. थोर्स्तेइनच्या सुरुवातीचं अक्षर ‘थ’च्या जवळचं. साधे टी आणि डीसुद्धा दंत्य आहेत, तेव्हा ‘डॉटिर’, ‘स्टेफान’ असे ट-ड कुठेच नकोत. इंग्रजी ‘जे’ (J) हे अक्षर म्हणजे ‘य’: योन, योनास, ‘जॉन’ नव्हे. ‘दोह्तिर’मधला ‘ह्’ माझ्या मनचा नाही. जोड-टीच्या आधी तिथे खरोखरच श्वास सुटतो. ‘दोत्तिर’ लिहिलंत तरी बिघडत नाही. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

दोन एल जुळून आले की बहुधा ‘त्ल’ ऐकू येतो. हाल्ग्रीमुर उच्चारात ‘हात्ल्ग्रीमुर’ होतो, पण हाल्दोरमध्ये पुढे डी असल्याने ‘ल’च राहतो. लेखात एवढा जोडाक्षरांचा डोंगर नको. ‘हाल्ग्रीमुर’ लिहून उच्चार एकदा सांगावा. ‘ओयदुर’चा पहिला स्वरही मराठीत नाही: ‘ए’ म्हणताना ओठ गोल करा आणि ‘इ’कडे सरका. ‘ऑडुर’पेक्षा ‘ओयदुर’ जवळचं, इतकाच माझा दावा.

अपवाद आहेत. 1955 चे नोबेलविजेते हाल्दोर लाक्स्नेस जन्माने गुद्योन्सॉन. लाक्स्नेस हे त्यांनी शेताच्या नावावरून घेतलं. त्यांना ‘लाक्स्नेस’ म्हणणं रूढ आहे, चालू द्यावं. वर आलेल्या ओयदुर योन्सदोह्तिर या त्यांचीच नात, पण त्यांच्या नावात ‘लाक्स्नेस’ नाही. कवी-कादंबरीकार ‘स्योन’ यांचं तर हे टोपणनाव: सिगुर्योन बिर्गिर सिगुर्द्सॉन यातल्या ‘सिगुर्योन’ची सुरुवात आणि शेवट जोडून केलेलं, आणि त्याचा अर्थ ‘दृष्टी’. इंग्रजी ‘शॉन’शी त्याचा संबंध नाही.

सूची करताना आइसलँडमध्ये लेखक पहिल्या नावाखाली लावतात; फोनची छापील डिरेक्टरी निघत होती तेव्हा तिच्यातही नावं अशीच लावलेली असत. मराठी सूचीत आर्नाल्दुर ‘आ’खाली ठेवा आणि ‘इंद्रिदासॉन: पाहा आर्नाल्दुर’ अशी एक ओळ द्या. इंग्रजी दुकानांच्या आणि ग्रंथालयांच्या याद्यांत मात्र तेच पुस्तक बहुधा ‘आय’खाली असतं, त्यामुळे एका जागी सापडलं नाही तर दुसरीकडे बघा. विभक्ती लावताना ‘आर्नाल्दुर’ हे मूळ रूप धरून ‘आर्नाल्दुरची’, ‘आर्नाल्दुरने’ असं लिहा. आइसलँडिकमधलं ‘आर्नाल्दार’ हे षष्ठीरूप घेऊन त्याला पुन्हा ‘ची’ जोडू नका.