पदार्पणातल्याच गुन्हेकथा इतक्या काळ्या का असतात, आणि लोकांना त्या आवडतात तरी का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "गुन्हेगार सापडणार नसेल तर वाचायचं कशाला?" त्या एका ओळीसाठी लिहितोय. जळगावात आमचे काका मला हेच ऐकवत आलेत.

काका पोलिसात हवालदार होते, आता निवृत्त. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेली पिढी. त्यांचा नायक झुंजार आला की बदमाशाचं काही खरं नाही, हे पहिल्या पानालाच पक्कं. माझ्या हातात काळ्या मुखपृष्ठाचं काही दिसलं की यांचं सुरू, "पंचनामा असा नसतो." मे महिन्यात एका रात्री लाइट गेलेली, सगळे गच्चीवर अंथरुणं टाकून पडलेले. झोप कुणालाच नव्हती. काय वाचतोस म्हणून त्यांनीच विचारलं.

टाना फ्रेंच यांची पहिली कादंबरी, 'इन द वूड्स', 2007 ची. (शेवट फोडतोय, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.) काकांना इंग्रजी येत नाही, म्हणून मराठी-अहिराणीची मिसळ करून सांगत गेलो.

1984 साली डब्लिनजवळ तीन मुलं रानात खेळायला जातात. एकच सापडतो, बुटांत रक्त, आठवत काहीच नाही. तोच नाव बदलून पोलीस होतो आणि त्याच रानाजवळ झालेल्या मुलीच्या खुनाचा तपास त्याच्याकडे येतो. आपला संबंध तो वरिष्ठांपासून लपवतो. "सस्पेंड करा त्याला," काका म्हणाले, पण कुशीवर वळून ऐकायला लागले. नवा खून उलगडतो. जुन्या दोघांचा पत्ता मात्र शेवटपर्यंत नाही.

काका उठून बसले. "मंग त्या पोरेस्नं काय व्हयनं?"

पुस्तकात नाहीये म्हटल्यावर भडकलेच. लिहिणारीलाच माहीत नसणार, म्हणाले. बराच वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःहून तापीतून काढलेल्या एका बाईच्या प्रेताचं सांगू लागले. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग पोस्टमॉर्टेममध्ये गळा दाबल्याचं निघालं म्हणून खुनाचा गुन्हा. ओळख पटली नाही. शेवटी 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, फाइल बंद. त्या बाईच्या हातावरचं गोंदण कसं होतं, ते त्यांनी मला अंधारात बोटाने काढून दाखवलं.

आता सांगा, या माणसाला गोष्ट पूर्ण हवी!

तर तुमचा प्रश्न. पहिल्या कादंबरीत लेखकाला सांभाळायला काही नसतं. मालिकेचा नायक नाही, ठरलेला वाचक नाही. अगाथा ख्रिस्तींचा गुप्तहेर पायरो मधल्या पानांवर मरणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं, नवख्या लेखकाच्या नायकाचं काहीच सांगता येत नाही. मला तरी ओढ याचीच आहे. पॅट्रिशिया हायस्मिथने 1950 साली पहिल्याच कादंबरीत सज्जन माणसाच्या हातून खून करवला आणि वाचकाला त्याच्या बाजूने घाम फोडला. गिलियन फ्लिनचं नाव घराघरांत गेलं ते तिसऱ्या कादंबरीमुळे, पण मला विचाराल तर 2006 ची पहिली, 'शार्प ऑब्जेक्ट्स', जास्त बोचते. त्यातली वार्ताहर स्वतःच्या अंगावर शब्द कोरते, आणि खुनापेक्षा तिच्या आईची भीती वाटते.

विकृती विकली जाते, हा आरोप अर्धा खरा आहे. रक्ताचे पाट वाहवून पोकळ निघालेली पदार्पणंही ढिगाने आहेत. ती पन्नासाव्या पानाला खुशाल टाकून द्या. आणि हो, घरात कुणी मूल गमावलेलं असेल तर वरची एकही भेट देऊ नका. मराठीत काय वाचावं हे तुम्ही विचारलंय, त्यावर सवडीने वेगळं लिहीन.

बाकी काका, ताई हे तुम्हाला वाचून दाखवणारच. अर्नाळकरांच्या पुस्तकांतला एक तरी बदमाश आज आठवतो का तुम्हाला? त्या दोन पोरांचं मात्र परवा फोनवरही विचारलंत.