बंदूक दुरुस्तीला कुणाकडे द्यावी?

प्रश्न : आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोरची दुनाळी रीतसर माझ्या परवान्यावर चढली आहे. डाव्या नळीतलं काडतूस कधी उडतं, कधी नाही. गावातला लेथवाला स्वस्तात पिन (काडतुसाच्या बुडावर आपटून ते उडवणारी) बसवून देतो म्हणतो. देऊ का? (चिपळूण)

उत्तर : नको. त्याचा हात कितीही चांगला असो, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. दुकानात गेलात तरी भिंतीवरचा परवाना वाचा, त्यात दुरुस्तीचा उल्लेख आहे का ते बघा.

मग बंदूक टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. जाणता कारागीर आधी ती रिकामी असल्याची खात्री करतो. पुढचं लाकूड काढून नळ्या हलवतो, सांधा सैल झालाय का ते बघायला. उजेडाकडे धरून आत पोचा किंवा फुगवटा शोधतो. आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजतो. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी असतं. त्यात ७० मिमीचं काडतूस आरामात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर नागमोडी नक्षी असेल तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळवून जोडलेली जुन्या पद्धतीची नळी. आजच्या काडतुसांना ती "चालेल हो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून या.

तुमचा बिघाड झिजलेल्या पिनेचा, दमलेल्या स्प्रिंगचा किंवा आत घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसचाही असेल. उघडून न बघता भाव सांगणाऱ्याला यातलं काय ते कसं कळणार? पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या, काढलेला भाग परत मागा.

प्रश्न : निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली दुनाळी गंजून परत आली. एक जण दोन दिवसांत नवं ब्लूइंग (नळीवरचा निळसर-काळा थर) करून देतो, दुसरा महिनाभर मागतो. (सांगली)

उत्तर : पहिल्याला पद्धत विचारा. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणातलं ब्लूइंग झटपट होतं, पण दुनाळीच्या नळ्यांमधली पट्टी बहुधा शिशाचा डाग देऊन (सोल्डरने) जोडलेली असते आणि कॉस्टिक तो डाग खातं. पट्टी सुटली की खर्च कितीतरी पट. दुनाळीला गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून करायचं संथ ब्लूइंगच योग्य. महिना मागणारा बहुधा तेच करणार आहे. पॉलिशच्या नादात नंबर पुसट होऊ देऊ नका.

प्रश्न : बंदूक दुरुस्तीला भावाच्या हाती पाठवली तर? त्याच्याकडे परवाना नाही. (कुडाळ)

उत्तर : चालते. कलम ३ मध्ये तशी सोय आहे, मात्र तुमचं लेखी अधिकारपत्र हवं. मूळ परवान्याची प्रतही बरोबर द्या.

प्रश्न : रानडुकरांसाठी घेतलेली ठासणीची बंदूक झाडीत अडकते. नळी थोडी कापून मिळेल? (सावंतवाडी)

उत्तर : नळी आखूड करायला कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. कापतो म्हणणारा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. निपल (ज्यावर ठिणगीची टोपी बसते ती बारीक नळी) झिजलं असेल तर ते मात्र जरूर बदलून घ्या.

प्रश्न : मुलाच्या एअर रायफलला दुकानदार जास्त ताकदीची स्प्रिंग सुचवतो. (पुणे)

उत्तर : ४.५ मिमी बोर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा, एवढ्यालाच परवान्यातून सूट आहे. स्प्रिंगने ती मर्यादा ओलांडली तर परवाना लागेल. आणि दहा मीटरवरच्या कागदी निशाण्याला जादा ताकद हवीय कशाला?